खड्डा भरल्यावर काय?

पाच-सहा माणसांच्या घरासाठी सरकारी मापाने खोदलेला शौचखड्डा साधारण तीन वर्षांत भरतो. माणसे कमी असतील किंवा जमीन पाणी लवकर पिणारी असेल, तर तो पाच-सहा वर्षे जातो. यात गुपित काही नाही. खड्ड्याचे मापच या हिशोबावर ठरवलेले आहे. स्वच्छ भारत मिशनखाली २०१४ ते २०१९ या काळात देशाच्या ग्रामीण भागात दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेल्याचे सरकार सांगते. सरकारी मापाचे खड्डे असतील, तर आज त्यांतले बरेचसे भरलेले असायला हवेत, नाही तर भरत आलेले तरी. आणि ते रिकामेच असतील, तर ते वापरलेच गेलेले नाहीत, हे उघड आहे.

भरलेल्या खड्ड्याचे काय करायचे, याचे उत्तर घरटी १२,००० रुपयांच्या अनुदानात नव्हते. ते अनुदान पाया खणण्यापासून दाराला कडी लावेपर्यंतच्या कामासाठी होते. एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला ते दुसऱ्यांदा मिळत नाही. गरिबाच्या घरातले शौचालय बंद पडते तेव्हा त्याच्या दुरुस्तीला कोणी वाली नसतो आणि सरकारदप्तरी मात्र ते घर कायमचे ‘शौचालय असलेले’ राहते. बांधकामासाठी मोजलेले पैसे येत्या काही वर्षांत जमिनीखालीच वाया जाण्याचा धोका आहे आणि त्याची चाहूल घेण्याची यंत्रणा आपण उभी केलेली नाही.

अनुदान द्यावे की देऊ नये, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ साली सुरू झाला. त्यानंतर १९९७ ते २००० या काळात आपल्या राज्याने एका शौचालयामागे ४,००० रुपये अशा घसघशीत अनुदानावर सुमारे सोळा लाख शौचालये बांधली. नंतर पाहणी केली तेव्हा निम्मीसुद्धा वापरात नव्हती. कुठे त्यांत गोवऱ्या रचलेल्या, कुठे शेळीचे करडू बांधलेले, कुठे बियाण्याची पोती. गावकऱ्यांना दोष देणे सोपे होते, आणि तो दिलाही गेला. पण ज्या घरात कोरडी, घट्ट, दार लागणारी दुसरी खोली नाही, तिथे अशा खोलीचा पहिला उपयोग कोणता होणार, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केला नव्हता.

त्या अनुभवानंतर गाडी उलट्या दिशेला गेली. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. घराला पैसे देण्याऐवजी गावाला बक्षीस, अशी ती कल्पना. त्यात खरी ऊर्जा होती. माणसे स्वतःच्या हाताने गटारे उपसत होती आणि शेजारच्या गावाशी चढाओढ लागली होती. केंद्रानेही २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला आणि त्यात महाराष्ट्राची गावे आघाडीवर राहिली. बक्षिसाची कमान गावाच्या वेशीवर उभी राहिली. पण समितीची पाहणी एकदाच होते आणि बक्षीसही एकदाच मिळते. पाहणीपुरते गाव झाडून घेण्याची कला आपल्या ग्रामपंचायतींनी याच काळात आत्मसात केली.

जवळपास त्याच सुमारास बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्यात मोसमोइल नावाच्या गावी कमल कार यांनी एक वेगळी पद्धत उभी केली. एक टाकाही अनुदान द्यायचे नाही. गावकऱ्यांना घेऊन गावभर फिरायचे, घाण कुठे पडते, माशी कुठून कुठे बसते, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे आणि वाटणाऱ्या किळसेतून, लाजेतून गावाने स्वतःच निर्णय करायचा. ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे ती आली ती ‘गुड मॉर्निंग पथक’ होऊन. पहाटे शिट्ट्या, हातात गुलाबाचे फूल, वर्तमानपत्रात फोटो, दंडाची पावती. मूळ पद्धतीत गावाने गावाशी बोलायचे होते. आपल्याकडे सरकारी जीप गावाशी बोलू लागली, तीही टमरेल घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला गाठून. शिट्टी कोणाच्या मागे वाजली, हेही पाहावे. वाड्यावरच्या माणसाला पहाटे उघड्यावर जाण्याची गरज नव्हतीच. पथकाच्या हाती लागला तो भूमिहीन.

पुढे त्याच राजशाही जिल्ह्यात, तानोर भागात, अर्थतज्ज्ञांनी मोठा प्रयोग केला. ३८० वस्त्या, अठरा हजारांवर कुटुंबे. काही ठिकाणी फक्त प्रबोधन केले. काही ठिकाणी प्रबोधनाबरोबर गरीब कुटुंबांना सोडत काढून खर्चाच्या तीन चतुर्थांश सवलतीची चिठ्ठी दिली. हे निष्कर्ष २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. नुसत्या प्रबोधनाने फारसा फरक पडला नव्हता. प्रबोधनाबरोबर सवलत मिळालेल्या गरीब कुटुंबांत चांगल्या शौचालयांचे प्रमाण २२ टक्के बिंदूंनी वाढले. आणि नोंद घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, त्यांच्या ज्या गरीब शेजाऱ्यांना चिठ्ठी लागली नव्हती, त्यांच्यातही ते साडेआठ टक्के बिंदूंनी वाढले. शेजाऱ्याने बांधले म्हणून त्यांनीही पदरमोड करून बांधले. ज्या जिल्ह्यातून ‘अनुदान नको’ हा विचार निघाला, त्याच जिल्ह्याने त्याची मर्यादा दाखवली.

म्हणून अनुदान बंद करा, लोकांना आळशी बनवू नका, असे जे अधूनमधून म्हटले जाते, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. गरिबाच्या घरी शौचालय झाले तर फायदा फक्त त्याचा होत नाही. त्याच्या अंगणातली घाण ओढ्यातून, विहिरीतून, माशीच्या पायांतून माझ्या मुलापर्यंत येते. जो फायदा साऱ्या गावाला होतो, त्याचा सगळा खर्च एका मजूर कुटुंबाने उचलावा, हे अर्थशास्त्रात बसत नाही आणि न्यायातही नाही. पैसे द्यायलाच हवेत. प्रश्न ते कशासाठी आणि कोणत्या वेळी दिले जातात, हा आहे.

आजची रीत पाहा. आधी बांधा, मग फोटो काढा, फोटो संगणकावर चढला की काही काळाने पैसे खात्यात जमा. हाताशी वीस-पंचवीस हजार असलेल्या शेतकऱ्याला ही रीत जड नाही. मजुराला आहे. त्याने आधीचे पैसे आणायचे कुठून? बचत गटाचे कर्ज, उचल, दुकानदाराची उधारी. नाही तर मग गावातला ठेकेदार. ठेकेदार दहा-वीस घरांचे काम एकदम घेतो आणि बारा हजारांत ते बसवतो. बसवतो म्हणजे काय, तर जे दिसते ते बांधतो आणि जे दिसत नाही त्यात कापतो. फोटोत भिंत दिसते, दार दिसते, पत्रा दिसतो, दारात उभे लाभार्थी नवरा-बायको दिसतात. खड्डा दिसत नाही. सगळी काटकसर मग जमिनीखाली होते. त्यातून १२,००० हा आकडा २०१४ पासून तसाच आहे. त्यानंतर सिमेंट, विटा, वाळू आणि गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली, हे घर बांधलेल्या कोणालाही विचारावे.

तंत्राबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सगळी गोम तिथेच आहे. सरकारने शिफारस केलेले शौचालय दोन खड्ड्यांचे असते. भांड्यातून निघालेली नळी एका छोट्या चेंबरमध्ये येते आणि तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट बंद ठेवायची. पहिला खड्डा भरला की त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडायची. खड्ड्याच्या भिंती जाळीदार विटांच्या, तळ कच्चा. पाणी जमिनीत मुरते, वायूही मातीत जिरतो. बंद ठेवलेल्या खड्ड्यातल्या मैल्याची दीड-दोन वर्षांत माती होते. तिला वास नसतो, जंतूही बहुतेक मेलेले असतात. ती फावड्याने काढून शेतात टाकता येते. बिहारमध्ये १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ या संस्थेने हेच तंत्र गावोगाव नेले. त्याच्याही आधी कोकणात, कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करण्याचे प्रयोग केले होते. हेच ते अप्पासाहेब, ज्यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून अन्नत्याग केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला.

प्रत्यक्षात काय बांधले जाते? कुठे एकच खड्डा. कुठे दोन आहेत, पण चेंबरच नाही, दोन्हींना एकदम नळी जोडलेली, म्हणजे दोन्ही एकदमच भरणार. कुठे जाळी न ठेवता सिमेंटने लिंपलेले. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा लागतो. तो देतो कोण? कोकणात पावसाळ्यात भूजल इतके वर येते की खड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर कागदावर नव्हे, तर जमिनीवर मोजायला हवे. भांड्याचेही तसेच. ग्रामीण शौचालयासाठी तीव्र उताराचे भांडे मिळते, त्याला तांब्या-दोन तांबे पाणी पुरते. दुकानात सहज मिळते म्हणून शहरी भांडे बसवले की बादलीभर पाणी लागते. ती बादली डोक्यावरून आणणारी बाई घरातल्या पुरुषांना ‘बाहेरच जा’ म्हणत असेल, तर तिचे काय चुकले?

आणि ज्यांच्यापाशी थोडे पैसे आहेत, ते सरकारी माप मानतच नाहीत. ते स्वतःची भर घालून प्रचंड मोठा खड्डा किंवा सेप्टिक टँक बांधतात. पिढीभर उपसावा लागू नये, हा हेतू. त्यामागे तांत्रिक अज्ञान नाही, जात आहे. ‘भरल्यावर काढणार कोण?’ हा प्रश्न घरात विचारला जातो, तेव्हा उत्तर सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी उत्तर भारतातल्या गावांचा अभ्यास करून हे स्पष्टपणे मांडले. लहान खड्डा म्हणजे आपल्या हाताने उपसण्याची वेळ, आणि ते काम करणारा तो आपण नव्हे, ही समजूत इतकी खोल आहे की लोक खड्डा भरेल या धास्तीने शौचालय वापरायचेच टाळतात. फक्त बायका, आजारी माणसे आणि पावसाळ्याची रात्र यांच्यासाठी ते राखून ठेवतात. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्यांच्या गटाने पाहणी केली. त्या चार वर्षांत शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवरून सुमारे ७१ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठीच आहे. पण घरात शौचालय असूनही उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही वेळा २३ टक्क्यांच्या आसपासच राहिले. पैशाने भिंती वाढल्या, सवय होती तिथेच राहिली.

हे उत्तरेकडचे चित्र आहे म्हणून महाराष्ट्राने हुरळून जाऊ नये. आपल्याकडे गाडगेबाबा होऊन गेले, बाबासाहेबांची चळवळ झाली, हे खरे. पण २०२३ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या एका तांड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. हाताने मैला उपसण्याला बंदी करणारा कायदा १९९३ सालचा. तो अपुरा ठरला म्हणून २०१३ साली नवा कायदा झाला. मृतांच्या वारसांना दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, म्हणजे मरणे थांबलेले नाही. आता खेड्यापाड्यांतले लाखो खड्डे आणि टाक्या एकाच दशकात भरत येणार आहेत. मैला उपसणारी गाडी तालुक्याच्या नगरपालिकेकडे असते; ती वीस किलोमीटर आत, अरुंद बोळाच्या वस्तीत येत नाही. आली तर पैसे मागते आणि मैला नेऊन टाकायला तिला ठरलेली जागा नसते, म्हणून तो ओढ्यात जातो. गाडी येणार नसेल तर काम रोखीने, रात्री, एखाद्या गरजू माणसाला सांगितले जाईल. तो कोणत्या वस्तीतला असेल, हे सांगायला पाहणी अहवाल लागत नाही. स्वच्छतेच्या नावाने दिलेल्या अनुदानातून आपण तेच जुने काम नव्याने जन्माला घालत आहोत. या लेखातला सगळ्यात गंभीर इशारा कोणता असे विचाराल, तर हा आहे.

आरोग्याच्या फायद्याबद्दलही थोडे जपून बोलायला हवे. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात शंभर गावांत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रम राबवलेल्या गावांत शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी मुलांचे जुलाब, जंत, वाढ यांत फरक दिसला नाही. मध्य प्रदेशातल्या अशाच अभ्यासानेही जवळपास तेच सांगितले. याउलट आपल्याच अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, २००४ च्या सुमारास साठ गावांच्या प्रयोगात ज्या गावांत केंद्राचे संपूर्ण स्वच्छता अभियान नेटाने राबवले गेले, तिथे मुलांची उंची वाढल्याचे आढळले. गावे कमी होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण दोन्हींचा मेळ लावला तर एवढे कळते की अर्ध्या गावात संडास झाले म्हणून अर्धा आजार जात नाही. जवळजवळ सगळे गाव, जवळजवळ रोज वापरू लागले तरच फायदा. म्हणून जी घरे सुटतात, ती मोजण्यात ‘थोडीच’ असली तरी परिणामात थोडी नसतात.

सुटतात ती कोण? रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. मालक पक्का खड्डा खणू देत नाही. बीडमधून ऊसतोडीला गेलेली जोडपी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावी नसतात. त्यांचे अनुदानाचे शौचालय कुलूपबंद घरामागे उभे असते आणि ती स्वतः कारखान्याच्या हद्दीत कोपी टाकून फडात आडोसा शोधत असतात. अनुदान घराला बांधलेले आहे. माणूस घरी नसला की ते निरुपयोगी. गावकुसाच्या आत, दाटीच्या गावठाणात, दोन खड्ड्यांना लागणारी जागाच नसते, तिथे चार घरांना मिळून एक सोय करायची तरतूद कागदावर सापडते, गावात नाही.

या साऱ्यांची गणना नीट होत नाही, कारण गणना करणाराच उद्दिष्टाला बांधलेला असतो. २०११ च्या जनगणनेने आधीच्या संपूर्ण स्वच्छता अभियानाचे बिंग फोडले होते. सरकारी नोंदीतली शौचालये आणि प्रत्यक्ष घरांत सापडलेली यांत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. ग्रामीण भारतात फक्त ३०.७ टक्के घरांत शौचालय होते, महाराष्ट्रात ३८ टक्के. महालेखापरीक्षकांनी २००९ ते २०१४ या काळाची तपासणी केली, तेव्हा तीस टक्क्यांहून अधिक वैयक्तिक शौचालये निकामी आढळली. महाराष्ट्र २०१८ च्या एप्रिलमध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्यातल्या सुमारे २२ टक्के ग्रामीण घरांना शौचालयाची सोय नसल्याचे दिसले. लाभ मिळाला का, हा प्रश्न आधी विचारल्यामुळे लोक नाही म्हणाले असतील, असा खुलासा सरकारने केला. त्यात तथ्य असू शकते. गरीब माणूस वहीपेन घेऊन आलेल्याला जपूनच उत्तर देतो. पण नंतर आलेल्या, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातली सुमारे २६ टक्के ग्रामीण घरे कोणतेही शौचालय वापरत नव्हती. हे २ ऑक्टोबर २०१९ रोजी साबरमतीच्या काठी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली त्या सुमाराचे आणि नंतरचे चित्र आहे. एकदा घोषणा झाली की उरलेली घरे अडचणीची होतात. त्यांच्यासाठी पैसे मागणे म्हणजे घोषणा खोटी होती असे कबूल करणे. गावच्या ग्रामसेवकापासून वरपर्यंत हे कोणालाच परवडत नाही.

बारा हजारांचे वीस हजार केल्याने यातले काही सुधारणार नाही, रीत तीच राहिली तर. पैशाचा एक हप्ता काम सुरू करतानाच दिला पाहिजे, म्हणजे मजूर कुटुंब ठेकेदाराच्या हाती जाणार नाही. दुसरा खड्डे उघडे असताना, ते बुजवण्यापूर्वी पाहून. काही रक्कम मागे ठेवून ती वर्षा-दोन वर्षांनी, वापर चालू असल्याची खात्री करून द्यावी, आणि ती खात्री बांधकाम करवून घेणाऱ्या यंत्रणेने करू नये. एक खड्डा आहे तिथे दुसरा खणायला स्वतंत्र पैसे हवेत. नवे शौचालय मोजण्याइतकी शोभा त्याला नाही, पण माणसाला उघड्यावर परत जाण्यापासून तेच थांबवेल. आणि तीन-चार गावांमागे एक उपसा गाडी व मैला वाळवण्याची जागा. त्यावर काम करणाऱ्याला यंत्र, हातमोजे, पगार आणि तालुक्याच्या नोकरवहीत नाव.

यासाठी पैसे नाहीत, हे ऐकून घेऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या निधीपैकी साठ टक्के बंधित होता. त्यातला निम्मा पाणीपुरवठ्याला आणि निम्मा स्वच्छतेला, आणि स्वच्छतेत मैला व्यवस्थापनाचा उल्लेख नाव घेऊन केलेला होता. तुमच्या ग्रामपंचायतीला या निम्म्यात किती रक्कम आली, तिच्यातून पेव्हर ब्लॉक किती बसले आणि खड्डे किती उपसले गेले, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली ग्रामसेवकाची सही घ्या.